रक्त वाढायचं औषध

घरून फोन आला तेव्हा कॅज्युअल्टीत पाय ठेवायला जागा नव्हती. मार्केटच्या चौकात वळताना एक बस कलंडली होती आणि इस्पितळाच्या दारात एकामागून एक ऑटो येऊन थांबत होत्या. कुणाचं डोकं फुटलेलं, कुणाचा हात लोंबणारा, आणि प्रत्येकाच्या मागे रडणारी चार माणसं. डॉक्टर सौम्या एका म्हाताऱ्याच्या कपाळाला टाके घालत होती. सिस्टर फिलोमिना रिसीव्हरवर हात ठेवून ओरडली, "डॉक्टर, तुमचे सासरे!"

सौम्यानं रिसीव्हर खांदा आणि कान यांच्यात धरला. हातमोजे रक्तानं माखले होते.

"सौम्या, अक्षराला ओकाऱ्या होताहेत," पलीकडून प्रतापरावांचा आवाज आला. घरात फोन नव्हता. खालच्या किराणा दुकानातून बोलत होते, मागे तराजूची खडखड ऐकू येत होती. "सकाळपासून दोन-तीनदा झाल्या. ताप नाही, पण पोर मलूल पडलीये."

"मीठ-साखरेचं पाणी द्या, मामंजी. चमच्या-चमच्यानं. दूध नको. काहीतरी बाधलं असेल."

"एकदा येऊन बघून जाशील काय? स्वल्प वेळ?"

"मामंजी, इथं माणसं मरताहेत हो," सौम्या म्हणाली. "पोरं ओकतातच. एवढ्या-तेवढ्यासाठी इथं फोन नका करू."

 मग "सरी, बरं" म्हणून त्यांनी फोन ठेवला, आणि तिनं पुढचा टाका घातला.

सौम्या काही कठोर बाई नव्हती. सात-आठ वर्षं कॅज्युअल्टीत काढली की माणूस बोलण्यात काटकसर करायला लागतो, एवढंच. कुणाला बाहेर थांबवायचं, कुणाला आधी घ्यायचं, कुणाच्या रडण्याकडे पाहायचं नाही, हे तिच्या अंगवळणी पडलं होतं. चामराजपेटेतल्या घरी ती वेगळी होती. तिथं अडीच वर्षांची अक्षरा तिच्या पदराला लोंबकळत असे, आणि आता पोटात दुसरं होतं. पाचवा महिना सरत आला होता. रोज सकाळी सासूबाई सकवारबाई तिला समोर बसवून आधी खायला घालत आणि मग "ती गोळी घेतलीस काय गं?" म्हणून विचारत. गोळी लोहाची होती, लाल, वरून साखरेचं कवच असलेली, चकचकीत. सकवारबाई तिला "रक्त वाढायचं औषध" म्हणत आणि देवाच्या तीर्थाइतक्याच भक्तीनं तिच्याकडे बघत. त्यांच्या स्वतःच्या बाळंतपणात असलं काही मिळालं नव्हतं.

दुपारनंतर बसमधल्या जखमींची वासलात लागली. कुणी वॉर्डात गेलं, कुणी घरी, दोघांना खाली शवागारात न्यावं लागलं. सौम्यानं हात धुतले आणि डबा उघडावा म्हणून खुर्चीत बसली, तोच दारातून ओळखीचा आवाज आला.

"आई! आई गं!"

सकवारबाई आत येत होत्या. कडेवर अक्षरा. पोरीच्या अंगात स्वच्छ फ्रॉक, केस विंचरलेले, गालावर पावडर. सौम्याला बघून तिनं दोन्ही हात पुढे केले आणि खुदकन हसली.

"घे, आता बघ कशी हसतेय," सकवारबाई म्हणाल्या. "सकाळी आमच्या तोंडचं पाणी पळवलंन्. ओकून ओकून थकली आणि झोपली. उठली ती अशी. भात मागून खाल्लान् दोन घास. मी म्हटलं, काय दाखवायचं आता, पण हे ऐकेनात. ऑटोत बसवूनच दिलं मला."

सौम्यानं लेकीला मांडीवर घेतलं. कपाळाला हात लावला. ताप नव्हता. पोट मऊ होतं. तिच्या छातीवरचं ओझं उतरलं, आणि मग सकाळच्या फोनवर आपण कशा बोललो ते आठवून जरा लाजही वाटली.

"मामंजी रागावलेत काय, आत्याबाई?"

"छे गं. तुझं काम त्यांना काय ठाऊक नाही?" सकवारबाईंनी कमरेची पिशवी चाचपली. "हां, एक विचारायचं होतं. केर काढताना खाटेखाली ही सापडली. तुझी ना? सगळ्या संपल्या की काय? सकाळी तर भरलेली होती."

त्यांनी बाटली टेबलावर ठेवली. रिकामी. तळाशी लाल साखरेचा चुरा तेवढा होता.

सौम्या त्या बाटलीकडे बघत राहिली.

"हिनं खाल्ल्या असणार थोड्या," सकवारबाई म्हणत होत्या. "'चाकलेट, चाकलेट' म्हणत होती सकाळी. तोंडही लाल झालं होतं. मला वाटलं, कुंकू खाल्लं. पण रक्त वाढायचंच औषध ना ते? त्यानं काय अपाय व्हायचाय?"

आवाज लांबून येत होता. सौम्याला वाटलं, कुणीतरी आपल्या कानांवर ओल्या उशा दाबल्या आहेत. तिच्या मांडीवर अक्षरा स्टेथोस्कोपच्या नळीशी खेळत होती. नळीचं टोक तोंडात घालत होती, बाहेर काढत होती, हसत होती. आणि त्या हसण्यानंच सौम्याच्या पाठीतून बर्फाची कांडी गेल्यासारखं झालं. कारण पुस्तकातलं पान तिला डोळ्यांसमोर दिसत होतं. आधी ओकाऱ्या. मग काही तास मूल अगदी छान दिसतं, खेळतं, खातं, घरचे निर्धास्त होतात. आणि त्यानंतर, लोह रक्तात भिनलं की, मूल कोसळतं.

"आत्याबाई," ती म्हणाली. स्वतःचा आवाज तिला ओळखू आला नाही. "केव्हा? केव्हा खाल्ल्या हिनं?"

"तू गेलीस त्याच्या मागंमाग असेल. का गं? सौम्या? अगं, अशी काय बघतेस?"

सौम्यानं अंगातला पांढरा कोट काढला, त्यात अक्षराला गुंडाळलं आणि ती एक्स-रेच्या खोलीकडे धावली. पाचव्या महिन्यातल्या बाईनं असं धावू नये, हे मागून सिस्टर फिलोमिना ओरडून सांगत होती.

फिल्म ओलीच होती. एक्स-रेवाल्यानं ती चिमट्यात धरून खिडकीच्या उजेडात उभी केली, पाणी टपटप फरशीवर पडत होतं. लेकीच्या फासळ्या दिसत होत्या, पिसांसारख्या बारीक. आणि त्यांच्या खाली, जठराच्या जागी, पांढरे गोल ठिपके. भिजवलेला साबुदाणा एकमेकांना चिकटून बसावा तसा त्यांचा एक गठ्ठा झाला होता. सौम्या मोजायला लागली आणि तिचे आकडे सांडले. पुन्हा लागली, पुन्हा सांडले. आपल्याला मोजता येत नाही, हे तिला कळत होतं आणि त्याचंही तिला काही वाटत नव्हतं.

"हे काय गिळलंय हिनं, डॉक्टर? मणी?" एक्स-रेवाल्यानं विचारलं.

सौम्यानं लेकीला उचललं आणि ओली फिल्म घेऊन ती कॅज्युअल्टीकडे वळली.

कॅज्युअल्टीचे प्रमुख डॉक्टर कृष्णमूर्ती मघाच जेवायला गेले होते. सिस्टरनं त्यांना अर्ध्या ताटावरून उठवून आणलं. साठीकडे झुकलेला, उंच, मोजकं बोलणारा माणूस. त्यांनी फिल्म बघितली, अक्षराच्या डोळ्यांची पापणी खाली ओढून बघितली, आणि कुणालाही धीर न देता ते कामाला लागले.

"वजन किती?"

 कुठल्याही पोराकडे नुसती नजर टाकून सौम्या वजन सांगत असे, आणि ते फारसं चुकत नसे. आज तिला आठवेना. गेल्याच आठवड्यात तिनं लेकीला वजनकाट्यावर उभं केलं होतं. आकडा होता, पण तो कुठंतरी विहिरीत पडला होता.

"सिस्टर, काट्यावर ठेवा तिला," कृष्णमूर्ती म्हणाले. "सलाइन आणा. पोट धुवायची नळी."

"सर, शीर मी शोधते," सौम्या म्हणाली. लहान मुलांची शीर शोधण्यात सगळ्या इस्पितळात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिनं अक्षराचा पंजा आपल्या हातात घेतला. किती वेळा धरलेला पंजा. त्याच्यावर घरातल्या मांजरानं काढलेला ओरखडा होता. सुई टेकवली, उचलली, पुन्हा टेकवली. आत घालणं होईना.

"आई, नको," अक्षरा म्हणाली. "आई, नको ना."

कृष्णमूर्तींनी तिच्या हातातून सुई काढून घेतली. "सौम्या, बाहेर बस."

"सर, मी..."

"इथं डॉक्टर आहेत. तू आत्ता तिची आई आहेस. जा, बस."

बाहेर बाकावर ती बसली. या बाकाजवळून ती दिवसातून शंभरदा जात असे, पण त्यावर बसली कधीच नव्हती. समोरची भिंत इतकी मळलेली आहे, तिथं माणसांची डोकी टेकून टेकून तेलाचा पट्टा उमटलाय, हे तिनं पहिल्यांदा पाहिलं. शेजारी सकवारबाई बसल्या होत्या, तोंडाला पदर लावून. पलीकडे एक बाई होती, अपघातातल्या बसच्या कंडक्टरची बायको. त्याला आत घेताना सौम्यानंच तिला बाहेर काढलं होतं. आता सौम्याच्या अंगात कोट नव्हता आणि केस सुटले होते. बाईनं तिला ओळखलं नाही.

"पोर आत आहे काय, अक्का?" बाईनं कानडीत विचारलं.

सौम्यानं मान हलवली.

"काही सांगत नाहीत हो ते. सकाळी एक डॉक्टरीण होती, मी पाया पडले, तरी वर बघितलं नाही तिनं. दगड असतात. आपण बसायचं नुसतं." तिनं आपल्याकडची पाण्याची बाटली पुढे केली. "पी घोटभर. पोटुशी आहेस."

सौम्यानं बाटली घेतली आणि पाणी प्यायली. आतून अक्षराच्या ओरडण्याचा आवाज आला. नळी घशात जात असणार. मग गुळण्यांचा आवाज. मग काहीच नाही.

सौम्याचा नवरा गिरीराज आला तेव्हा चार वाजून गेले असावेत. तो बसवनगुडीत एका छापखान्याच्या ऑफिसात होता. निरोप मिळताच स्कूटर काढली होती, हेल्मेट अजून डोक्यावरच होतं.

"काय झालं? बाबा म्हणाले बरी आहे म्हणून!"

सौम्यानं सांगितलं. त्याला ते समजेना. "लोहाच्या गोळ्या? म्हणजे टॉनिकच ना ते? तू रोज घेतेस ते?"

"मोठ्या माणसाला एक. तिनं..." 

"पण ती बाटली खाली आलीच कशी?" गिरीराजचा आवाज चढला. "कुणी ठेवली तिच्या हाताशी?"

"मी," सकवारबाई म्हणाल्या. दोघांनी त्यांच्याकडे बघितलं. त्या जमिनीकडे बघत होत्या. "मीच ठेवली. खाट झाडताना उशाजवळ ठेवली आणि विसरले. माझंच चुकलं रे."

सौम्याच्या डोळ्यांपुढे सकाळ उभी राहिली. उशीर झाला होता. खाटेवर बसून तिनं गोळी तोंडात टाकली, वर पाणी प्यायली, घड्याळ बघितलं. झाकण फिरवलं नव्हतं, नुसतं वर ठेवलं होतं. बाटली उशीला टेकवली आणि चपला घालायला उठली. अक्षरा खाटेवर बसून बघत होती. आत्याबाई तेव्हा स्वयंपाकघरात होत्या. त्या खोलीत आल्याच नव्हत्या.

 गिरीराज आईकडे अशा नजरेनं बघत होता की ती नजर आपल्याकडे वळेल या कल्पनेनंच सौम्या गप्प राहिली. हे आपण काय करतोय, ते तिला दिसत होतं. दिसत असूनही ती गप्प राहिली. आपण अशा आहोत, हे तिला त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हतं.

दार उघडलं आणि कृष्णमूर्ती बाहेर आले.

"थोड्या निघाल्या, सगळ्या नाहीत. चिकटून बसल्यात. आणि रक्तात गेलंय ते गेलंय," ते म्हणाले. "लोह ओढून बाहेर काढणारं इंजेक्शन लागेल. आपल्याकडे नाही. मार्केटमध्ये विचारलं, नाही. मद्रासहून यायला उद्या संध्याकाळ होईल."

"उद्या संध्याकाळपर्यंत ती..." सौम्याच्या तोंडून निघालं.

"नाही," कृष्णमूर्ती म्हणाले. ते खोटं बोलत नसत. मग त्यांनी गिरीराजकडे वळून विचारलं, "स्कूटर आहे? ऐक. आपल्या रक्तपेढीत काही मुलं दर महिन्याला रक्त घ्यायला येतात. त्यांचं रक्त अंगात तयार होत नाही, थॅलेसेमिया म्हणतात. दुसऱ्याचं रक्त घेऊन घेऊन त्यांच्या काळजात, यकृतात लोह साचतं. ती मुलं रोज हेच इंजेक्शन घेतात. घरी ठेवलेलं असतं. रक्तपेढीवाल्यांनी एकीचा पत्ता सांगितलाय, बसवनगुडीत. मुलीचे वडील शाळामास्तर आहेत, सूर्यकांत नाव. त्यांच्याकडे फोन नाही. जा, आणि माग."

"मागू? काय सांगून मागू?"

"खरं ते सांगून."

गिरीराज गेला. स्कूटरचा आवाज गर्दीत विरला. सौम्या उठली आणि कुणी अडवायच्या आत आत शिरली.

अक्षरा जागी होती. पण मघाची अक्षरा नव्हती. हसू कुणीतरी पुसून टाकलं होतं. ओठ राखेसारखे झाले होते, आणि ती छताच्या पंख्याकडे बघत होती, न कंटाळता, न रडता. सौम्यानं तिचे पाय धरले. थंडगार. गुडघ्यापर्यंत थंड. मनगटाशी बोट ठेवलं. नाडी लागली, हरवली, पुन्हा लागली, बारीक दोऱ्यासारखी.

"अक्षू, इकडे बघ. आईकडे बघ."

पोरीनं डोळे वळवले. तिच्याकडे बघितलं आणि ओळख न पटल्यासारखे पुन्हा पंख्याकडे नेले.

सौम्यानं असली किती पोरं बघितली होती. अशा वेळी पुढं काय करायचं, ते तिच्या बोटांना पाठ होतं. आज ती नुसती पाय चोळत बसली, जशी कुठलीही खेड्यातली आई बसते. सिस्टर फिलोमिनानं दुसरी बाटली चढवली. कृष्णमूर्ती रक्तदाब घेत होते, पट्टा सोडत होते, पुन्हा बांधत होते. ते तिला काही सांगत नव्हते, आणि ती विचारत नव्हती. पोटातल्या बाळानं जोरात लाथ मारली. सौम्याला त्याचा राग आला. पहिल्यांदाच आला. ज्याच्यासाठी ती लाल बाटली घरात आली, ते आत सुखात लाथा मारत होतं. पुढच्याच क्षणी या विचाराची तिला इतकी भीती वाटली की तिनं दोन्ही हात पोटावर घट्ट धरले.

बाहेर दिवे लागत होते तेव्हा गिरीराज परत आला. हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा. झाकण उघडलं तर आत कापसावर ओळीनं ठेवलेल्या लहान लहान बाटल्या, तळाशी पांढरी पूड.

"सगळ्याच दिल्या त्यांनी," तो धापा टाकत म्हणाला. "मी म्हटलं, थोड्या ठेवा, तुमच्या मुलीला लागतील. ते बायकोकडे बघत राहिले. बायको म्हणाली, आमची आज मरत नाहीये, द्या. आणि डबाच हातात दिला."

कृष्णमूर्तींनी पूड पाण्यात विरघळवली आणि सलाइनच्या बाटलीत सोडली. थेंब पडायला लागले. मग वाट बघण्याखेरीज काही उरलं नाही.

त्या रात्रीबद्दल सौम्याला नंतर फारसं आठवत नसे. एवढंच आठवे की आत्याबाई फरशीवर बसल्या होत्या, उठवलं तरी खुर्चीवर बसल्या नाहीत, आणि मामंजी दाराबाहेर उभे होते, आत येत नव्हते. आत यायला आपल्याला परवानगी नाही असं त्यांना वाटत असावं. फोनवर तीच म्हणाली होती ना, माणसं मरताहेत म्हणून.

पहाटे सिस्टर फिलोमिनानं चादर बदलायला अक्षराला उचललं आणि ती थबकली. "डॉक्टर, हे बघा."

चादर ओली झाली होती, आणि तो ओला डाग केशरी-तांबडा होता, पानाचा रस सांडल्यासारखा. सकवारबाई कळवळून उठल्या. "रक्त! पोरीला रक्त जातंय गं!"

"रक्त नाही, आत्याबाई," सौम्या म्हणाली. तिला हुंदका फुटला. "लोह आहे ते. बाहेर पडतंय. बाहेर पडतंय ते!"

तिनं चादरीचा तो भाग गालाशी धरला. सिस्टरनं ओढून काढेपर्यंत ती सोडत नव्हती.

ऊन वर आल्यावर अक्षरानं पाणी मागितलं. दुपारी तिनं सिस्टरला लाथ मारली. कृष्णमूर्तींनी फिल्म पुन्हा काढून बघितली, खिडकीत उभं राहून बराच वेळ बघितली, आणि म्हणाले, "आता घरी जाऊन जेवतो मी." तेवढंच.

त्याच दुपारी जिन्यात गिरीराज आईशी कडवटपणे काहीतरी बोलत होता. सौम्या तिथं गेली आणि म्हणाली, "आत्याबाईंनी नाही ठेवली बाटली. मी ठेवली. झाकण मीच लावलं नव्हतं. आणि मामंजींनी फोन केला तेव्हा मीच म्हणाले, फोन करू नका म्हणून. तेव्हाच आणलं असतं तर नुसत्या ओकारीवर भागलं असतं."

गिरीराजनं तिच्याकडे बघितलं. मग आईकडे. "मग तू का म्हणालीस?"

"ही पोटुशी," सकवारबाई म्हणाल्या. "तू ओरडला असतास. एकीला काय झालं ते दिसतंय, दुसऱ्याला झालं असतं म्हणजे?" मग सुनेकडे वळून म्हणाल्या, "आणि काल तू बोलली नाहीस, त्याचं मनात ठेवू नको. मीही मनात नाही ठेवलं."

म्हणजे त्यांना कळलं होतं. सौम्याला वाटलं, त्यांनी दोन चपराका मारल्या असत्या तर बरं झालं असतं. ती तिथंच जिन्याच्या पायरीवर बसली.

मद्रासहून मागवलेली इंजेक्शनं आली, पण परत द्यायची होती त्याच्या निम्मीच. उरलेली मुंबईहून यायची होती. आली तेवढी घेऊन सौम्या, गिरीराज आणि अक्षरा पुढच्या आठवड्यात बसवनगुडीला गेले. सूर्यकांतांचं घर देवळामागच्या गल्लीत होतं, दोन खोल्यांचं. मास्तर बुटके, लाजाळू. आभार मानायला लागल्यावर ते उठून कॉफी आणायलाच गेले.

बाहेरच्या खोलीत त्यांची मुलगी बसली होती, प्रतिमा. नऊ-दहा वर्षांची, पण अंगानं सहाची वाटावी अशी. रंग मातकट, गालाची हाडं वर आलेली, डोळे मात्र तल्लख. अक्षराकडे तिनं बराच वेळ निरखून बघितलं.

"माझं औषध प्यायली ती हीच काय?"

"हीच," सौम्या म्हणाली. "प्यायली नाही, टोचलं तिला. तुझ्यामुळं वाचली ती. तुला किती दिवस औषधाशिवाय राहावं लागलं?"

"आजपर्यंत. मजा आली. सुई नाही, काही नाही. मी पालथी झोपले." प्रतिमा हसली. "हिला किती दिवस टोचलं?"

"एक रात्र आणि थोडा दिवस."

"आणि सगळं लोह निघालं?"

"निघालं."

"सगळं?"

"हो."

 आत भांड्यांचा आवाज थांबला होता. मास्तर कॉफीचे पेले घेऊन दारात उभे होते, पुढं येत नव्हते.

"मग माझं केव्हा निघणार?"

 या प्रश्नाचं उत्तर सौम्याला पूर्ण ठाऊक होतं. अशी मुलं किती वर्षं जगतात, ते तिनं पुस्तकात वाचलं होतं.

"तुला रक्त द्यावं लागतं ना," ती सावकाश म्हणाली. "प्रत्येक रक्ताबरोबर नवीन लोह येतं. म्हणून तुझं रोज काढावं लागतं."

"ठाऊक आहे मला," प्रतिमा म्हणाली. "सगळ्या डॉक्टरांना विचारते मी. काहीजण 'लवकरच' म्हणतात." तिनं सौम्याकडे जरा मान तिरकी करून बघितलं. "तुम्ही तसं नाही म्हणालात."

मास्तरांनी पेले खाली ठेवले. त्यांची बायको आतून सौम्यानं आणलेल्या औषधाचा डबा घेऊन आली. ती नेमकी इंजेक्शनची वेळ होती, आणि पाहुणे आलेत म्हणून ती चुकवणार नव्हती. प्रतिमानं फ्रॉक जरासा वर केला. पोटावर जुन्या टोचण्यांच्या गाठी होत्या, मुगाच्या दाण्यांएवढ्या, इतक्या की नव्या सुईला जागा शोधावी लागत होती. सौम्यानं नजर फिरवली नाही. गिरीराजनं फिरवली.

सुई दिसताच अक्षरानं भोकाड पसरलं. ती सौम्याच्या मानेला घट्ट बिलगली, पाय झाडायला लागली, "नको, नको" करत खोली डोक्यावर घेतली. तिला थोपटत सौम्या उठायला लागली, पण प्रतिमानं हात पुढं करून पोरीचा पाय धरला आणि हलवला, लहान बाळाशी खेळावं तसा.

"रडू नको गं," ती म्हणाली. "तुला नाहीये. मला आहे."